सरांचा होकार

सरांच्या क्लासच्या दाराबाहेर चपलांची लाकडी मांडणी होती. तिचा सगळ्यात वरचा कप्पा फ्लॉपींसाठी राखलेला होता. बाहेरून आणलेली फ्लॉपी चपलेसारखीच बाहेर ठेवायची आणि जाताना आठवणीने घेऊन जायची. एखादा नवा विद्यार्थी फ्लॉपी खिशात घेऊन आत आला, तर सर त्याला खांद्याला धरून परत दारापर्यंत नेत. व्हायरस खिशातून उडून संगणकात शिरतो असं त्यांना वाटायचं असं नाही. त्यांना माणसाचा भरवसा नव्हता. "खिशात असली की हात जातोच," ते म्हणत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. श्रीरामपुरात स्टेशनकडून बाजारपेठेत शिरताना एका कापडदुकानाच्या वर हा क्लास होता. त्याआधी कितीतरी वर्षं तिथे सरांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. तालुक्यातल्या बऱ्याच कारकुनांनी सरांच्या हाताखाली बोटं बडवलेली होती. मग संगणक आले, आणि सरांनी टाइपरायटर मागच्या खोलीत नेऊन प्रत्येकावर खोळ चढवली. विकले मात्र नाहीत. संगणक किती दिवस टिकतात ते आधी बघायचं होतं.

मी तिथे शिकवायला लागले ते कॉलेज संपल्यावर. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. आई मिशनच्या दवाखान्यात नर्स, त्यामुळे शाळाही त्याच आवारातली. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड व्हायची, पण संगणकासमोर बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मला आवडलं. सरांनी मला घेतलं ते पडद्यावरचं इंग्रजी वाचायला. आणि घेतल्या दिवसापासून माझ्यावर संशयही घेतला. पडद्यावर काही सूचना आली की ते मला अर्थ विचारत, आणि मी सांगितला की पलीकडे जाऊन तोच प्रश्न संतोषला विचारत. दोन्ही उत्तरं जुळली तरच पुढे जात. इंग्रजी बोलणारा माणूस मधलं काहीतरी गाळतो, असं त्यांचं ठाम मत होतं. मला याचा राग यायला हवा होता. पण मलाही कोणावर चटकन विश्वास टाकता येत नाही, त्यामुळे असा उघडपणे संशय घेणारा माणूस मला उलट सोपा वाटला.

संध्याकाळी क्लास बंद करताना सर प्रत्येक माऊस उलटा करत आणि त्याच्या पोटातला रबरी गोळा काढून घेत. सगळे गोळे पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात भरून डबा घरी नेत. सकाळी ते आम्हाला परत मिळत, दवाखान्यात गोळ्या वाटाव्यात तसे. संगणक चोरायला टेम्पो लागतो, गोळा चोरायला खिसा पुरतो, हे त्यांचं स्पष्टीकरण.

फोन वाजला की ते रिसीव्हर उचलत आणि गप्प राहत. पलीकडचा आधी बोलला पाहिजे. माझ्या आईने एकदा क्लासवर फोन केला, दोन-तीनदा हॅलो म्हणाली, आणि रात्री जेवताना मला म्हणाली, तुमच्या क्लासचा फोन बंद आहे, सरांना सांग. विद्यार्थी पास झाल्याचे पेढे घेऊन आला तर त्यातला एक त्याने सरांसमोर स्वतः खायचा, मग सर खात. दुकानदारांची फुकट कॅलेंडरं ते घेत नसत. "फुकट देतोय ना, मग आधी विचारा, का देतोय," एवढंच बोलून पुढचं कॅलेंडर परत पाठवत.

त्यांच्या टेबलाच्या वर, भिंतीत, एसटीच्या गाडीचा मोठा आरसा बसवलेला होता. भंगारातून आणलेला. खुर्चीत बसल्या बसल्या त्यात आमचे सगळे पडदे दिसत. अक्षरं उलटी दिसायची, पण सर म्हणायचे की अक्षरांशी त्यांना घेणं नाही, कोण दचकतं ते त्यांना बघायचं असतं.

पासवर्ड टाकताना ते हातांवर नॅपकिन टाकायचे. खाली बोटं अशी चालायची की नॅपकिनला सुरकुती पडायची नाही. टायपिंगच्या काळात मुलांना ते असंच शिकवत, हातांवर कापड टाकून, नजर कागदावर. ओळ संपत आली की टाइपरायटरची घंटी वाजायची आणि घंटीबरोबर हात पुढची ओळ सुरू करायच्या दांडीवर गेलाच पाहिजे. जो घंटी ऐकून विचार करत बसेल तो परीक्षेत नापास. संगणकावर दांडी नव्हती, तिचं काम उजव्या करंगळीकडे आलं होतं. शिकवताना सर एंटरच्या बटणाला दांडीच म्हणायचे, आणि आमच्या क्लासची मुलं दुसरीकडे नोकरीला लागली की तिथेही दांडी म्हणायची.

संतोष बेलापूरहून सायकलवर यायचा. तोही सरांचाच विद्यार्थी, आणि आता दुपारची मुलींची बॅच घ्यायचा. ती बॅच म्हणजे क्लासचा मान होता. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक मुलींना सरांकडे पाठवत, कारण तिथे आरसा आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. संतोष शिकवताना कोणत्याच मुलीच्या खुर्चीला हात लावत नसे, दोन हात मागे बांधून लांबूनच सांगायचा. त्या बॅचमध्ये वैशाली नावाची एक मुलगी होती. संतोषची सोयरीक तिच्या थोरल्या बहिणीशी ठरलेली होती, सुपारीही फुटली होती. बाकीच्या मुली वैशालीला मधूनच दाजी काय म्हणतात म्हणून विचारायच्या, आणि संतोषचे कान लाल व्हायचे.

मग ती सीडी आली. सर पुण्याहून निघणारं एक संगणकाचं मासिक घ्यायचे, त्याच्या कव्हरला चिकटून. तिच्यात संगणक साफ करायचा एक प्रोग्राम होता. साचलेला कचरा काढतो, वेग वाढवतो, आणि तुमच्या पाठीमागे तुमच्या संगणकावर काय काय झालं ते दाखवतो, असं वर लिहिलेलं. या शेवटच्या गोष्टीवर सर भाळले. संतोष म्हणाला, सर, ही बी फुकटच हाय की. त्यावर सर म्हणाले, मासिक विकत घेतलंय, ती त्यातलीच आहे. त्यांनी तो प्रोग्राम स्वतःच्या हाताने टाकला, आम्हाला जवळ येऊ दिलं नाही. रोज सकाळी उदबत्ती लावून झाली की ते साफसफाई चालवायचे.

त्यानंतर क्लासमध्ये कोणीतरी वावरतंय असं वाटायला लागलं. पडद्यावर आम्ही न ठेवलेली चित्रं दिसायची. इंटरनेट उघडलं की पहिलं पान कुठल्यातरी जुगाराच्या अड्ड्याचं. आम्ही सगळे चहाला बाहेर गॅलरीत असताना आतून मोडेम किंचाळायचा, म्हणजे कोणीतरी फोन लावत होतं, आणि आत जाऊन बघावं तर खोली रिकामी. सर आम्हाला एकेकट्याला गाठून विचारायला लागले. आपण गॅलरीत असताना आत कोण होतं? दुसऱ्याबद्दल काही जाणवलंय का? मी संतोषबद्दल काही सांगितलं नाही, त्याने माझ्याबद्दल सांगितलं नाही, त्यावरून सरांना आम्ही एकमेकांना सामील आहोत असं वाटलं. त्यांनी आरशाचा कोन बदलला आणि साफसफाई दिवसातून दोनदा सुरू केली. जितकी सफाई वाढली तितकी घाण वाढली.

एका दुपारी संतोष मुलींना इंटरनेट दाखवत होता. मोडेमचा संगणक एकच, म्हणून सगळ्या मुली त्याच्याभोवती उभ्या होत्या. अचानक एक चौकट उघडली. पोहण्याच्या कपड्यांतली एक गोरी बाई, आणि खाली इंग्रजीत, तुमच्या जवळपासच्या एकट्या स्त्रिया तुमची वाट पाहत आहेत. संतोषने ती चौकट बंद केली. तिच्या मागून दुसरी आली, तिच्यात दोन बायका. ती बंद केली तर आणखी एक. शेवटी त्याने वाकून भिंतीतला प्लग ओढला. एक मुलगी ओढणी तोंडात धरून हसत होती. वैशाली हसत नव्हती. आणि आरशात सर उभे राहिलेले दिसत होते.

बॅच सोडून दिल्यावर सरांनी चौकशी केली. त्यांची एक पद्धत होती, टायपिंगच्या दिवसांपासूनची. ज्याच्यावर संशय असेल त्याला मशीनवर बसवायचं आणि परीक्षेचा उतारा टाइप करायला लावायचा. जीभ खोटं बोलते, बोटांना ते जमत नाही, असं सर मानत. त्यांनी मागच्या खोलीतल्या एका टाइपरायटरची खोळ काढली. आधी मला बसवलं. मी बिनचूक टाइप केलं, कारण भीती आत दाबून ठेवायची मला शाळेपासून सवय आहे. मग संतोष बसला. त्याचे हात इतके कापत होते की दोन-दोन अक्षरं एकमेकांत अडकून वर उभी राहिली. सरांनी कागद ओढून काढला, उजेडात धरला आणि घडी घालून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला की वैशालीचे वडील दुपारी येणार आहेत. सरांनी संतोषला सांगितलं की तोपर्यंत आत पाऊल ठेवायचं नाही. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर, चपलांच्या मांडणीशेजारी बसून राहिला. मी आत जाताना थांबले. तोच म्हणाला, "मॅडम, सोयरीक मोडली तर मोडू द्या. पर कशापायी मोडली ते समद्या गावात हुनार. मंग पोरीच्या जातीला शिकवायला मला कोन उभं करंल? आईला काय सांगू मी?"

मी म्हटलं, तुम्ही केलेलं नाही ते मला माहीत आहे. तो म्हणाला, तुमाला म्हाईत असून काय उपेग, तुमी कुठं बोलता.

हे खरं होतं, म्हणून लागलं.

आत सरांनी तो मोडेमचा संगणक कोरा करून टाकला होता आणि सगळं पहिल्यापासून भरत होते. सगळं झाल्यावर त्यांनी ती सीडी घातली. मी शेजारच्या पडद्यावरची धूळ पुसत होते, म्हणजे पुसल्यासारखं करत होते. संगणकातून टिंग असा आवाज आला, एक चौकट उघडली, आणि ती नीट उघडायच्या आत सरांची करंगळी एंटरवर पडली. चौकट गेली. टिंग, दुसरी चौकट, करंगळी. सरांची नजर पडद्यावर नव्हतीच. ती आरशात होती, दारातल्या संतोषच्या पाठीवर. मला त्या चौकटींतले दोनच शब्द दिसले, प्रायोजक आणि मान्य. घंटी वाजत होती आणि हात दांडीवर जात होता. इतकी वर्षं पोरांना जे शिकवलं तेच.

मला सरांना सांगायचं होतं, पण तुम्ही चुकलात असं सुरू करणारं वाक्य माझ्या तोंडातून आलं नसतं. मी म्हटलं, सर, हा प्रोग्राम कसा टाकतात ते मला शिकायचंय, पलीकडच्या संगणकावर टाकून दाखवाल का? त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग शिकवायची हौस संशयाच्या वरचढ ठरली. ते शेजारच्या खुर्चीत बसले, सीडी घातली, बोटं जागेवर ठेवली. मी त्यांच्या उजवीकडे उभी राहिले आणि आवाज होण्याआधीच माझा तळहात एंटरच्या बटणावर ठेवला.

टिंग झालं. सरांची करंगळी माझ्या हाताच्या पाठीवर आपटली. पुन्हा उचलली गेली, पुन्हा आपटली. मग ते थांबले आणि पहिल्यांदा पडद्याकडे बघितलं.

"हात काढा, मॅडम."

"आधी वाचते, सर."

मी मराठीत करून वाचायला लागले. हा प्रोग्राम तुम्हाला मोफत मिळत आहे. त्याच्या बदल्यात आमच्या प्रायोजकांच्या जाहिराती आम्ही तुमच्या संगणकावर दाखवू. जाहिराती आणण्यासाठी हा प्रोग्राम तुमच्या फोनवरून, तुम्हाला न विचारता, जोडणी करेल. तुमचं पहिलं पान आम्ही बदलू. तुम्हाला हे मान्य आहे.

सर उठले. मला वाटलं, नेहमीप्रमाणे हेच संतोषला जाऊन विचारतील. ते दारापर्यंत गेलेही. संतोष खाली मान घालून बसला होता. सर त्याला काही न विचारता परत आले.

"हे मान्य कोणी केलं?"

माझ्या हाताची पाठ लाल झालेली होती, आणि ते तिच्याकडेच बघत होते. खिशातून त्यांनी संतोषने टाइप केलेला तो कागद काढला, एकदा उघडला, आणि टोपलीत टाकला.

वैशालीचे वडील, आबा, ऊन डोक्यावर असताना आले. उसाचे शेतकरी, धिप्पाड माणूस. संतोषला ओलांडून आत आले, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्ची दिली ती घेतली नाही. म्हणाले, मास्तर, तुमच्या नावावर पोरगी धाडली, आन् हितं नागड्या बाया दावत्यात. कोन दावतं त्येचं नाव सांगा, म्हंजे मी मोकळा होतो.

सरांना सुटायला वाट होती. मशीन बिघडलं होतं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मग मास्तरांनी पोराला झाकलं असंच आबा धरून चालले असते, आणि तो डाग संतोषलाच चिकटला असता. सरांना हे कळत असणार, कारण असं धरून चालण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. ते टेबलाच्या मागून पुढे आले.

"पोरानं काही केलेलं नाही. परवानगी मी दिली."

"तुमी? त्या बायांना?"

"मला विचारलं होतं. मी हो म्हणालो. न वाचता."

आबा सरांकडे बघतच राहिले. सगळा गाव ज्याला फसवता येत नाही म्हणून ओळखतो, तो माणूस असं म्हणत होता. मग म्हणाले, न वाचता तर आमी बी करतो, कारखान्याच्या कागदावर कोन वाचून सही करतं. पण तेवढ्यावर ते जाणारे नव्हते. कोनी हात न लावता ती बाई येती, ते मला डोळ्यानं दावा, म्हणाले.

म्हणून संतोषला आत बोलावलं. मोडेमच्या संगणकासमोर चार खुर्च्या मांडल्या आणि आम्ही चौघं हात गुडघ्यांवर ठेवून बसलो. काहीच होईना. पंखा फिरत होता, खालून कापड टरकावल्याचा आवाज येत होता. जी बाई नको तेव्हा उगवायची, ती आता यायला तयार नव्हती. संतोषच्या कानशिलावरून घामाचा ओघळ खाली उतरला आणि त्याने तो पुसला नाही, हात उचलायला नको म्हणून. आबा एकदा पडद्याकडे बघायचे, एकदा त्याच्याकडे. मी मनात देवाला म्हणत होते की त्या बाईला पाठव, आणि असलं मागणं त्याच्याकडे कधी कोणी मागितलं असेल का, असंही मनात येत होतं.

मोडेम किंचाळला. आबा खुर्चीतून अर्धे उठले. आमच्या सगळ्यांचे हात गुडघ्यांवर होते. पडद्यावर चौकट उघडली आणि ती हसली.

आबांनी तोंड फिरवून घेतलं. "बास," म्हणाले, "पटलं. झाका ते." मग उठले, टोपी सारखी केली आणि दाराकडे निघाले. दारात थांबून, मागे न बघता म्हणाले, "चला जावई, च्या घेऊ खाली. काल धरनं उपाशी दिसताय."

मी संतोषच्या खुर्चीला हलकेच धक्का दिला तेव्हा तो उठून गेला. जिन्यावर त्याच्या पायांचा आवाज अडखळत उतरत गेला, आणि त्याबरोबर आबांचा भारी आवाज, कसलातरी हिशेब समजावल्यासारखा.

सर संगणकासमोरच बसून होते. ती बाई अजून हसत होती. त्यांनी मला खुर्ची ओढून घ्यायला सांगितलं आणि हा प्रोग्राम काढायचा कसा ते विचारलं. मी सांगत गेले, आणि ते एकेक शब्दावर बोट ठेवून वाचत गेले, अडला की अर्थ विचारत, आणि तो तपासून घ्यायला दुसरं कोणी नव्हतं तरी पुढे जात. मुलींची बॅच जिन्यात येऊन थांबली होती. शेवटी काढून टाका असं लिहिलेलं बटण आलं. ते त्यांनी दाबलं.

टिंग झालं. सरांची करंगळी हवेत उचलली गेली आणि तिथेच थांबली.

"काय म्हणतोय?"

"विचारतोय, नक्की काढायचं का? तुमची खात्री आहे का?"

सर खुर्चीत मागे टेकले आणि डोळे बारीक करून पडद्याकडे पाहायला लागले.

"मी हो म्हणालो तेव्हा," ते म्हणाले, "खात्री नव्हती विचारली यानं."